म्हसोबापर्यंत

“हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… नाही, आजी नाहीत. मी त्यांची मुलगी, गौतमी… कोण? जान्हवी?… हां, हां. गुडघ्याच्या अभ्यासातली. ओळखलं… थांब हं जरा, आमच्या घरात रेंज नाही. तुझा एक शब्द येतोय, एक गळतोय. बाहेर येते मी… हो, हो, ठेवू नकोस.”

फोन आईचा होता. बटणांचा, मागचं झाकण सुटतं म्हणून रबरबँड चढवलेला. आई गेल्याला उद्या पंधरा दिवस होणार होते, आणि गौतमी तो रोज चार्जिंगला लावत होती. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं. तो वाजेल, असं मात्र तिच्या मनात आलं नव्हतं.

काल तेरावं झालं. पाहुणे संध्याकाळीच पांगले. तिचा भाऊ किशोर मंडपवाल्याची पातेली परत करायला पौडला गेला होता, वहिनी मागे धुणं धूत होती. गौतमी उंबऱ्याबाहेर येऊन चपला शोधू लागली.

“बोल आता. येतंय?… मघाशी काय म्हणालीस तू, उचलल्या उचलल्या?… परत म्हण ना… ‘काय आजी, आज कुठपर्यंत?’… नाही गं, माफी कसली. तुला काय माहीत… जान्हवी, ऐक. आई गेली… गेली म्हणजे… वारली. दोन आठवडे झाले… हो… हॅलो? आहेस ना?… असू दे. असू दे, घे वेळ. मी आहे इथेच.”

ती दारातच उभी राहिली. पलीकडे पंचविशीतली एक मुलगी रडत होती, आणि अलीकडे गौतमी ती थांबायची वाट बघत होती. चौदा दिवस हेच चाललं होतं. माणसं यायची, तिचा हात धरून रडायची, आणि गौतमी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायची.

“पाणी आहे का तिथे?… पी आधी… पी गं, मी थांबते… दोन गुरुवार फोन लागला नाही ना तुला? एका गुरुवारी आम्ही दवाखान्यात होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली ती. मागच्या गुरुवारी हा फोन घरात, बंद खोलीत… नाही, कळवलं नाही तुम्हाला. माझंच चुकलं. यादी केली होती सगळ्यांची, तुझं नाव सुचलंच नाही… आणि ती तर गुरुवार विसरायची नाही. चहा झाला की म्हणायची, ‘आज माझ्या जान्हवीचा फोन यायचाय’… हो ना. माझ्या जान्हवीचा. मला ‘माझी’ कधी म्हणाली असेल, आठवत नाही.”

चपला सापडल्या. ती अंगणात उतरली.

“काय?… तीन महिन्यांचा फॉर्म? भरू या ना… नाही, आजच भरू. तुला चालणार असेल तर… मला बोलायचंच होतं तुमच्याकडे. तुझ्याशीच असं नाही, कुणाशी तरी. काल रात्रीपासून चारदा नंबर काढला आणि ठेवून दिला… चालत चालत बोलते. पुढे गेलं की रेंज येते… कुठे म्हणजे? तिथेच, म्हसोबाकडे. तुला पाठ असेल रस्ता.”

जान्हवीला रस्ता खरोखरच पाठ होता, एकदाही न बघता. पुण्याच्या दवाखान्यातल्या त्या गुडघेदुखीच्या अभ्यासासाठी आईला पहिला फोन केला तेव्हा तिने विचारलं होतं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं सांगा, आजी. आई म्हणाली, “बाई, आकड्यात कसं दुखंल? मला कुटवर जाता येतं ते इचार.” मग दोघींनी मिळून माप ठरवलं. दारापर्यंत जेमतेम जाता आलं तर आठ. गोठ्यापर्यंत सहा. हौदापर्यंत चार. आणि शेताच्या बांधावरल्या म्हसोबापर्यंत जाऊन तेल-शेंदूर लावून आलं, तर दोन. अभ्यासाच्या डॉक्टरांनीही म्हणे ते मान्य केलं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी अकरा वाजता, आई फोन घेऊन जिथवर पोचली असेल तिथे, तोच प्रश्न यायचा. आज कुठपर्यंत?

“गोठ्यापाशी आलेय… गोठा म्हणायचं आपलं. म्हशी कधीच विकल्या. किशोरने तीन खोल्या काढल्यात, पिरंगुटच्या कंपनीतली पोरं राहतात भाड्याने. आई मात्र गोठाच म्हणायची. त्या पोरांसमोरसुद्धा. ‘गोठ्यातला दिवा घालवा रे, लाईट जळतीय’… हसतेस ना? हस. ती पोरंही हसायची. तिरडीला खांदा द्यायला तीच आली होती चौघं… हो, एक बिहारचा आहे. त्याने दहा दिवस चप्पल घातली नाही.”

ती गोठ्याला वळसा घालून हौदाच्या वाटेला लागली.

“आईचा नंबर काय होता गं तुमच्याकडे?… सत्तेचाळीस. बरोबर. तिला कोण अभिमान त्याचा! शेजारच्या हौसाकाकीला सांगत होती, ‘शाळंचं तोंड न्हाई बगितलं, पण हजेरीत नंबर लागला माजा. सत्तेचाळीस’… हो, तुला पण सांगितलं असेल. सगळ्यांना सांगितलं… जान्हवी, मी काही सांगितलं आणि त्यामुळे तिचा नंबर काढून टाकायची वेळ आली, तर… नाही, सांगते. हौदापर्यंत जाऊ दे मला.”

भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत नुसते बुडखे, कडेला पेंढ्याच्या गंज्या, आणि त्यांच्यामागे बावधनच्या कुणीतरी घेतलेल्या जमिनीला पडलेलं तारेचं कुंपण. हौसाकाकी हौदाच्या कठड्यावर बसली होती. एक पाय पुढे लांब केलेला, हात गुडघ्यावर. शेजारचीच ती, आईच्याच वयाची. गौतमीला फोनवर बघून तिने हनुवटीनेच विचारलं.

“फोन हाय, काकी… आईचा फोन हाय वो… न्हाई, पुण्यातनं. ती तपासणीवाली पोरगी… व्हय, तीच… बसा तुमी. उनात नका बसू, हिकडं सावलीला सरका. मी आलेच… हां, जान्हवी. शेजारच्या काकी आहेत. त्यांच्याबद्दलही बोलायचंय, पण नंतर.”

ती चार पावलं पुढे गेली आणि आवाज खाली आणला.

“तुला आठवतं, मी तुमच्या डॉक्टरांना किती प्रश्न विचारले होते?… हो, वही घेऊन आले होते. ग्रंथपाल बाई आहे मी, सवय. सगळं वाचून काढलं होतं. गुडघा म्हणजे नुसती घासून झिजलेली बिजागरी नाही. आतलं अस्तर, हाडांमधली गादी म्हणजे कूर्चा, तिच्यातल्या पेशी, सगळे निरोप धाडत असतात एकमेकांना. इंटरल्यूकिन आणि त्याची भावंडं. त्या निरोपांनी दाह पेटतो, कूर्चा खाणारी द्रव्यं सुटतात, ती कूर्चा खातात, की पुन्हा नवे निरोप… बरोबर ना? बघ, पाठ आहे अजून. एका संध्याकाळी आईला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजे माज्या गुडग्यात हौसा बसलीय म्हण की. हिकडचं तिकडं सांगती आन भांडणं लावती’… हो! आणि नावही ठेवलं. इंटरलुकीण. पाटलीण असते, वाणीण असते, तशी इंटरलुकीण… रात्री ठणका लागला की म्हणायची, ‘आज इंटरलुकीण जागी हाय.’”

ती हसत होती, आणि हसण्याचा आवाज आपलाच आहे, हे तिला जरा उशिरा कळलं.

“मला पटलं होतं ते सगळं. आमवाताला ज्या औषधांनी गुण येतो, ती आईसारख्यांच्या गुडघ्याला बहुतेक वेळा लागू पडत नाहीत, हेही वाचलं होतं. पण ज्यांच्या गुडघ्यात खरोखर दाह भडकलेला आहे, तेवढीच माणसं वेगळी काढली तर? तेच शोधताय ना तुम्ही?… म्हणून तर तिला आणलं मी. गुडघ्यातलं पाणी काढताना तिनं हूं की चूं केलं नाही, आठवतं?… तूच धरला होतास हात… आणि मग रिपोर्ट आला. दाह कमी. अगदीच कमी. कमीवाल्यांच्या गटात गेली ती. औषध नाही, नुसते व्यायाम.”

वाट इथून अरुंद व्हायची. दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत मधे झुकलं होतं.

“आता ऐक. हे कुणाला सांगितलं नाही मी. दसऱ्याला आले होते. तिने व्यायाम केलेच नव्हते. म्हणाली, ‘दुखतंय गं, पोरी.’ आणि मी… मी तो कागद तिच्यासमोर धरला. म्हटलं, आई, आता आकडे आलेत. आता दुखतंय म्हणायला जागा नाही तुला… असंच म्हणाले. याच शब्दांत… नाही, ओरडले नाही. मी ओरडत नाही. शांतपणे म्हणाले. तेच वाईट… तिने कागद बघितला. वाचता येत नव्हता तिला. घडी घालून परत दिला. म्हणाली, ‘बरं. न्हाई दुखत.’”

पलीकडे काही बोलणं झालं. गौतमीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तू चांगली आहेस म्हणून असं म्हणतेयस… त्यानंतर दर गुरुवारी तिनं तुला काय सांगितलं, बघ तुझ्या कागदात… म्हसोबापर्यंत. प्रत्येक वेळी?… एकदाही गोठा नाही, हौद नाही?… हो. मलाही तेच सांगायची. मी खूश. ग्रंथालयात सगळ्यांना सांगितलं, आई आता म्हसोबापर्यंत जाते.”

ती पोचली होती. करंजाच्या झाडाखाली, बांधाच्या टोकाला, कमरेएवढा दगड.

“आले बघ मी… काय? एकदम स्वच्छ येतोय आवाज?… हो, इथे पूर्ण रेंज असते. किशोर म्हणतो, टॉवरवाल्यांनी म्हसोबाला विचारून टॉवर उभा केलाय… जान्हवी, तू इथे असतीस तर तुला दाखवलं असतं. या म्हसोबाला शेंदूर लावायचं काम आईचं. बाबा गेल्यापासून. दर रविवारी, तेलात कालवून, हाताने. आमच्याकडे दुसरं कुणी लावत नाही, तिचीच जबाबदारी. काल तेराव्याचा नैवेद्य घेऊन मी आले इथे. शेंदूर सुकून पापुद्रे निघालेत गं त्याचे. खालचा काळा दगड दिसतोय. दिव्यात मुंग्यांनी माती भरलीय. वाटेवर गवत आडवं पडलं होतं, पायाखाली गेलेलं नव्हतं. महिना-दोन महिने झाले असतील… तेच ना. आली नव्हती ती इथे. म्हसोबापर्यंत नाही, हौदापर्यंतसुद्धा नाही.”

तिने दगडावर हात ठेवला. शेंदराची एक खपली बोटाला चिकटून आली.

“मी तशीच हौसाकाकीकडे गेले. विचारलं. ती रडायलाच लागली. बाजारच्या दिवशी एक माणूस मोटरसायकलवर येतो म्हणे, गुडघ्याच्या पुड्या विकायला. कागदाच्या. नाव नाही, गाव नाही. पांढरी पूड, कडू. काकी घेते, आईसाठी पण आणायची. पावसाळ्यापासून… तुम्ही विचारलं होतं ना तिला? दुसरं काही औषध घेता का म्हणून?… आणि ती ‘न्हाई’ म्हणाली. आणि मी शेजारी बसून मान हलवली… मेथीच्या डब्यात सापडल्या मला. एकवीस. आमच्या डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि दुखण्याच्या गोळ्या कुटून घातलेल्या.”

तिने दगडावरचा हात काढला. पुढचं बोलायचं म्हणजे करंजाकडे बघत बोलायला हवं होतं, दगडाकडे नाही.

“अजून आहे. पाणी काढायच्या आधी तीन दिवस तिनं दोन-दोन पुड्या घेतल्या… हो. मुद्दाम. काकीला म्हणाली, ‘लेकीनं हौसंनं नाव घातलंय, रिपोट चांगला आला पायजे.’… अगं, आपल्याकडे शुगर तपासायच्या आधी आठवडाभर बिनसाखरेचा चहा पितात ना लोक? तसंच. परीक्षा वाटली तिला. माझी परीक्षा… म्हणून तो आकडा कमी आला, जान्हवी. आग नव्हती असं नाही. निरोप धाडणाऱ्यांची तोंडं बांधून नेली होती तिनं… बरं, ‘असेल’ म्हण. ‘शक्य आहे’ म्हण. खात्रीने सांगता येत नाही हे मला कळतं.”

वाऱ्याने पेंढ्याचा वास आला. फोनवर कागद उलटल्याचा आवाज येत होता.

“कशाने गेली?… पोटात रक्तस्राव. आतल्या आत कितीतरी दिवस चालू असणार. पांढरी पडली होती, आम्हाला वाटलं थंडीने अशक्तपणा आलाय. दवाखान्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुखण्याच्या गोळ्या, पुड्या, काही चालू होतं का? आई शुद्धीत नव्हती. मी सांगितलं, नाही. अजिबात नाही. आमच्याकडे असलं काही चालत नाही… मी. इतकी पुस्तकं वाचलेली… नाही, फरक पडला असता की नसता, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता. बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, खरंही असेल. मला ते कळायचा मार्ग नाही आता. जे सांगता येण्यासारखं आहे, तेवढं तुला सांगतेय… तिचा तो आकडा खोटा आहे. तो तसाच ठेवू नका. तिच्यासारख्या बाईला दाह नव्हता, दुखत नव्हतं, असं कुठे छापून यायला नको.”

आणि मग, ज्याची भीती होती ते:

“वगळतील ना तिला आता? नाव काढतील हजेरीतून?… काय?… सावकाश सांग… आकडे धरणार नाहीत. बरोबर आहे, धरू नयेतच… पण नंबर राहतो? शेवटपर्यंत?… आणि त्याच्यापुढे लिहितात का वगळलं ते… सत्तेचाळीस नंबर परत दुसऱ्या कुणाला देत नाहीत?… नाही ना?… बरं झालं गं. बरं झालं.”

तिने डोळे पुसले नाहीत. ओलं काही नव्हतंच. नाकातून एक मोठा श्वास गेला, इतकंच. ती माघारी वळली.

“आणि ते पाणी? गुडघ्यातलं?… अजून आहे? कुठे?… उणे ऐंशी अंश?… अगं बाई. तिला थंडी सोसायची नाही अजिबात. मोजे घालून, वर शाल घेऊन झोपायची… हं. नाही, कळतं मला, पाणीच ते. पण आळंदीला सगळं सोडून आलो आम्ही, आणि तिचं एवढंसं काहीतरी तुमच्या फ्रीजमध्ये आहे, हे मला माहीतच नव्हतं… माझ्यावर आहे ते? ठेवायचं की नष्ट करायचं?… विचारायची पद्धत आहे. बरोबर.”

वाळलेलं गवत पायाखाली मोडत होतं. येताना मोडलेलं पुन्हा उभं राहिलं नव्हतं.

“ठेवा. पण चिठ्ठी लावा त्याला. पुढे कधी तुम्हाला बघायचं असेल, अशा पुड्या घेतल्यावर गुडघ्यातल्या पाण्यात काय काय गप्प होतं, तर उपयोगी पडेल… पडेल ना? मग ठेवा. आणि पुड्यांतल्या पाच-सहा आणून देते, तपासून घ्या… सोमवारी येते.”

हौसाकाकी अजून कठड्यावरच होती. सावलीला सरकली नव्हती.

“हां, काकींचं विचारायचं होतं. त्या अजून घेतात ती पुडी. काल मी म्हटलं, आजपासून बंद… का? नाही करायची?… एकदम नाही बंद करायची? म्हणजे?… अंगाला सवय झालेली असते… हळूहळू कमी, डॉक्टरच्या देखरेखीखाली… बरं झालं विचारलं. उद्याच नेते… काकी, आज पुडी घेतली का वो?… न्हाई, मी काल बंद करा म्हणले, ते चुकलं माजं. एकदम नाय सोडायची. उद्या माझ्यासंगं डॉक्टरकडं यायचं. सकाळी… येते म्हणा की. आईची आण हाय तुमाला… ‘हां’ म्हणाली, जान्हवी. रडतेय, पण ‘हां’ म्हणाली.”

गोठ्याजवळ कुणीतरी दोरीवर निळे युनिफॉर्म वाळत घातले होते. आवाज किंचित खरखरला.

“हॅलो?… हो, जरा तुटतंय. घराकडे येतेय ना… काय म्हणालीस?… आईचा आवाज पण असाच तुटायचा? कधी?… आधी स्वच्छ यायचा… दसऱ्यानंतर तुटायला लागला… थांब. फॉर्ममध्ये लिहिलंयस तू तसं?… दर गुरुवारी?… वाच ना. मला वाचून दाखव… ‘म्हसोबापर्यंत. नेटवर्क खराब.’… पुढचा?… ‘म्हसोबापर्यंत. नेटवर्क खराब.’…”

गौतमी गोठ्याच्या भिंतीला टेकली.

“म्हणजे खरं लिहिलेलं आहे की गं तुझ्याकडे. दर गुरुवारचं. म्हसोबाला नेटवर्क कधीच खराब नसतं… नाही, नाही, तुला कसं कळणार? तीस-पस्तीस किलोमीटरवरून? मी तर तिच्या घरात, तिच्या खाटेवर बसून विचारत होते… रडू नकोस. ऐक. अगं ऐक ना… काय? अजून काय सांगायचंय?… सांग… शेवटच्या फोनला? तिनं विचारलं?… काय विचारलं?…”

खोल्यांपैकी एकीत कुकरची शिट्टी झाली. गौतमीने दुसरा कान हाताने झाकला. मग तिने ते सावकाश, स्वतःलाच सांगावं तसं म्हटलं.

“‘पोरी, त्या पाण्यात कळतं का गं, माणूस खोटं बोललंय ते?’… आणि तू?… हसलीस. म्हणालीस, नाही हो आजी, पाण्यात कुठे कळतं… हो. मीही हसले असते. तू नाहीतरी काय म्हणणार?… ती काय म्हणाली त्यावर?… ‘मग बरं हाय.’… एवढंच… नाही जान्हवी, तू काही केलेलं नाहीस. तुला विचारलं तरी तिने. मला नाही विचारलं. माझ्या हातात कागद होता.”

ती पुन्हा चालू लागली. अंगण, तुळस, काल धुतलेल्या पाटांची भिंतीला टेकवलेली ओळ.

“शेवटचा प्रश्न राहिलाय ना फॉर्मचा?… हो, भरायचाच… ‘शेवटच्या आठवड्यात’ वगैरे वाचू नकोस. तसाच विचार, तिला विचारायचीस तसा… विचार गं. माझ्यासाठी… हं.”

पलीकडून तो प्रश्न आला. तुटक, मधे गाळलेला, पण आला. गौतमी उंबऱ्यापाशी थांबली. आई इथेच उभी राहत असणार, चौकटीला एका हाताने धरून, सगळा भार डाव्या पायावर टाकून, समोर बांधावरचं करंजाचं झाड दिसत असताना.

“दारापर्यंत… हॅलो?… दारापर्यंत, जान्हवी. आठ लिही… नाही, आठाहून जास्त. चौकट धरून… म्हसोबा खोडून टाक, दसऱ्यापासूनचे सगळे… ऐकू येतंय का?… हॅलो? मी म्हणतेय, दारापर्यंत. दुखत होतं तिला. फार दुखत… हॅलो?… जान्हवी?… हॅलो?…”

कानाशी काहीच उरलं नाही. तिने फोन समोर धरला. पडद्यावर रेंजच्या जागी फुली होती.

आतून वहिनीने हाक मारली, जेवायला बसताय ना, ताई. “आले,” ती म्हणाली. ‘दारापर्यंत’ हे उत्तर जान्हवीला पोचलं की वाटेतच राहिलं, कळायला मार्ग नव्हता. गौतमी आत गेली, देवळीतली शेंदराची वाटी आणि तेलाची बाटली घेतली, फोन मुठीत धरला आणि उंबऱ्याबाहेरच्या चपला पुन्हा पायांत सरकवून म्हसोबाच्या वाटेला लागली.